सातबाऱ्यावर चढलेला चांगुलपणा

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या नैऋत्य भागात, डेटन शहरापासून तीसेक किलोमीटरवर, मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतांमध्ये यलो स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे ३,६९७ माणसं मोजली गेली. ओहायोच्या कायद्यात पाच हजारांच्या आतल्या वस्तीला गावाचाच दर्जा असतो. त्यामुळे स्वतःचं पोलीस खातं, स्वतःची वीजवितरण व्यवस्था आणि स्वतःचा पाणीपुरवठा असूनही यलो स्प्रिंग्ज कागदोपत्री खेडंच आहे. भोवतालची ग्रीन काउंटी निवडणुकांत रिपब्लिकन पक्षाच्या पाठीशी उभी राहते. हे गाव हटकून विरुद्ध बाजूला मत देतं. गुलामगिरीतून सुटलेल्यांना इथे आसरा मिळाला. मुलींना मुलांच्या बरोबरीने, त्याच अभ्यासक्रमाला बसवणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या कॉलेजांपैकी एक इथे उभं राहिलं. गोऱ्यांचं मोठं बहुमत असतानाही गावाचा पोलीसप्रमुख तीन दशकांहून अधिक काळ कृष्णवर्णीय होता. या सगळ्याचं कारण विचारलं की एक उत्तर ठरलेलं असतं: तिथली माणसंच निराळी, मोकळ्या मनाची. मला हे उत्तर पटत नाही. गावाचा इतिहास नीट लावून पाहिला तर मोकळ्या मनाची माणसं तिथे वारंवार आली आणि वारंवार अपुरी पडली, असं दिसतं. जे कुणीतरी खरेदीखतात, मृत्युपत्रात, संस्थेच्या घटनेत किंवा गावाच्या ठरावात बांधून ठेवलं, ते टिकलं. जे नुसतं मनात राहिलं, ते पिढी बदलली की ओसरलं.

पहिला पुरावा १८२५ सालचा. ज्या झऱ्यावरून गावाला नाव मिळालं त्याच्या पाण्यात लोह भरपूर आहे, आणि ते वाहून वाहून खालच्या खडकावर पिवळट-नारिंगी थर चढला आहे. हे पाणी औषधी मानलं जाई. रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश गिरणीमालक समाजसुधारकाने त्या वर्षी इंडियानात ‘न्यू हार्मनी’ ही सहजीवनाची वसाहत सुरू केली. त्याच्या व्याख्यानांनी भारावलेली सिनसिनाटीची कुटुंबं या झऱ्याकाठी येऊन राहिली. मालमत्ता सगळ्यांची, कष्ट सगळ्यांचे, पंगत एक. त्यांत शिकलेले लोक होते, व्यापारी होते, कारागीर होते, आणि त्यांच्या हेतूंवर शंका घ्यायला जागा नाही. तरीही वसाहत दोन वर्षंही टिकली नाही. कुणी किती राबायचं, कुणी काय सोडायचं, बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याला काय, याची टिकाऊ व्यवस्था लागण्याआधीच उत्साह संपला. एकमताने जमलेल्या माणसांचं गाव म्हणून यलो स्प्रिंग्जची ही पहिली परीक्षा. तिचा निकाल इतक्या लवकर लागला, याला मी गावाचं भाग्य मानतो.

इथे एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. कागदाची बाजू घेताना कागदाने केलेला अन्यायही समोर ठेवावा लागतो. हा सगळा टापू शॉनी लोकांचा. त्यांचा थोर नेता टेकमसे १७६८ च्या सुमारास याच परिसरात जन्मला. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहाने ओहायोचा मोठा भाग मूळ रहिवाशांच्या हातून गेला आणि मगच गोऱ्या वसाहतकारांची खरेदीखतं सुरू झाली. जी लेखणी पुढे या गावात काही चांगलं बांधून ठेवणार होती, तिनेच आधी इथल्या लोकांना त्यांच्या भूमीवरून पुसलं होतं. कागद आपोआप न्याय करतो, असं माझं म्हणणं नाहीच. तो जे पकडतो ते घट्ट पकडतो, मग ते भलं असो की बुरं.

गावाची आजची घडण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू होते. १८४६ मध्ये लिटल मायामी रेल्वे इथवर आली. ती आणण्यात आणि नंतर कॉलेज आणण्यात स्थानिक जमीनदार विल्यम मिल्स यांचा मोठा वाटा होता. कॉलेजसाठी त्यांनी जमीनही दिली आणि पैसाही ओतला. १८५३ मध्ये अँटिऑक कॉलेज सुरू झालं. पहिले अध्यक्ष म्हणून आले होरेस मान, मॅसॅच्युसेट्समध्ये सार्वजनिक शाळांची व्यवस्था उभी करणारे. त्यांच्या कॉलेजात स्त्री प्राध्यापिका पुरुषांच्या बरोबरीच्या दर्जाने नेमली गेली. १८५६ मध्ये वस्तीला गावाचा अधिकृत दर्जा मिळाला. कॉलेज मात्र सुरुवातीपासून कर्जात बुडालेलं होतं. १८५९ मध्ये मान वारले ते या ओझ्याखाली झिजूनच. यादवी युद्धाच्या काळात कॉलेज काही काळ बंदही पडलं. अँटिऑकच्या इतिहासात ‘बंद पडणं’ आणि ‘पुन्हा उघडणं’ ही जोडी नंतरही येत राहते, आणि पुढे येणाऱ्या एका आक्षेपाचं उत्तर तिच्यातच आहे.

१८६२ मध्ये मॉन्क्युअर कॉनवे हा व्हर्जिनियाच्या गुलाममालक घराण्यात जन्मलेला, पण गुलामगिरीच्या विरोधात उभा ठाकलेला धर्मोपदेशक आपल्या वडिलांच्या मळ्यावरच्या तीसेक जणांना घेऊन यलो स्प्रिंग्जला आला. युद्ध पेटलेलं, वाटेत बाल्टिमोरमध्ये जमावाचा धोका, हातात पैसा तुटपुंजा. या गावात निदान दगड पडणार नाहीत, एवढा त्याला भरवसा होता. ती कुटुंबं इथे स्थिरावली. या घटनेत गावाचं औदार्य आहेच. तरी त्या काळातल्या सगळ्या माणसांत मला सर्वांत दूरचं पाहणारा वाटतो तो कॉनवेही नाही आणि मानही नाही, तर व्हीलिंग गाँट.

गाँट केंटकीत गुलाम म्हणून जन्मला. मालकाचं काम उरकल्यावर उरलेल्या वेळात मजुरी करून त्याने पैसा साठवला आणि १८४५ मध्ये ९०० डॉलर मोजून स्वतःला विकत घेतलं. नंतर बायकोला सोडवलं, एका तरुण नातलगालाही सोडवलं. स्वतःच्या माणसांच्या मालकीहक्काची खतं ज्याने स्वतःच्या नावावर करून घेतली, त्याला कागदाची ताकद कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १८६० च्या दशकात तो यलो स्प्रिंग्जला आला, जमिनी घेतल्या, घरं बांधली आणि गावातल्या सधन माणसांत गणला जाऊ लागला. १८९४ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, त्याने नऊ एकर जमीन गावाला दिली. अट एकच: या जमिनीच्या खंडातून दरवर्षी गावातल्या गरजू विधवांना पीठ द्यायचं. रंगाचा उल्लेख नाही, पंथाचा नाही. पूर्वाश्रमीचा गुलाम गोऱ्यांच्या बहुसंख्य गावाला दान देतो आहे आणि त्या दानाचा विश्वस्त म्हणून गावालाच बांधून घेतो आहे. पीठ कोणत्या घरी द्यायचं, हे ठरवण्यासाठी गावाच्या कारभाऱ्यांना दरवर्षी गोऱ्या आणि काळ्या विधवांची नावं एकाच यादीत लिहावी लागणार, हे त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

ती यादी आजही होते. डिसेंबरात, नाताळच्या आधी, गावाच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचे कर्मचारी गाडीत पिठाच्या आणि साखरेच्या पिशव्या भरून दारोदार जातात. एरवी हीच माणसं जलवाहिन्या दुरुस्त करतात, रस्त्यावरचा बर्फ हटवतात. साखर पुढे जोडली गेली. विधुरांचाही समावेश नंतरचा. त्या नऊ एकरांवर आता पीक नाही. तिथे गाँट पार्क आहे, पोहण्याचा तलाव आहे, मुलांची खेळाची मैदानं आहेत. शेताचा खंड येत नाही, तरी गावाने वाटप थांबवलेलं नाही. यावर कुणी म्हणेल, की मेलेल्या माणसाने जिवंतांना अटींनी जखडून ठेवणं बरोबर नाही. गरजा बदलतात, आज तिथल्या कुठल्या विधवेची चूल एका पिशवीवर अडली आहे? आक्षेप खरा आहे. जगभर कितीतरी दानपत्रं अशा कालबाह्य अटींत कुजून गेली. पण गाँटच्या अटीचं झालेलं रूपांतर पाहिलं तर दिसतं, की बंधन जिवंत असेल तर त्याचा तपशील बदलता येतो. शेताचं उद्यान झालं, पिठाला साखर जोडली, विधवांबरोबर विधुर आले. न बदललेली गोष्ट एकच: एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या दारात वर्षातून एकदा गावाने जायचं. बंधनच नसतं तर बदलायला हाती काय उरलं असतं?

आता उलट बाजू. विसाव्या शतकाच्या मध्यावर यलो स्प्रिंग्जची पुरोगामी म्हणून ख्याती पक्की झालेली होती. १९४५ मध्ये अलाबामातून कोरेटा स्कॉट नावाची मुलगी अँटिऑकमध्ये शिकायला आली. पुढे ती मार्टिन लूथर किंग यांची पत्नी आणि त्यांच्या पश्चात चळवळीचा मोठा आधार झाली. शिक्षिकेच्या अभ्यासक्रमात शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव आवश्यक होता. गावाच्या सार्वजनिक शाळेत कृष्णवर्णीय मुलीला तो करू दिला गेला नाही, आणि कॉलेजही तिच्या पाठीशी ठाम उभं राहिलं नाही. वर्गात समतेवर चर्चा चालत होती. सराव-शिक्षिका कुणी व्हायचं याचा नियम मात्र कुणी बदललेला नव्हता. १९६० च्या सुमारास गावातल्या एका केशकर्तनालयाचा प्रश्न पुढे आला. मालक कृष्णवर्णीयांचे केस कापायला तयार नव्हता. तक्रारी झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्षं गेली. १४ मार्च १९६४ रोजी अँटिऑक आणि जवळच्या सेंट्रल स्टेट, विल्बरफोर्स या प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संस्थांमधले तरुण झेनिया अव्हेन्यूवर बसले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, पाण्याचे फवारे मारले, शंभरावर लोकांना अटक झाली. दुकान अखेर बंद झालं. पुढच्याच वर्षी किंग यांनी अँटिऑकच्या पदवीदान समारंभात भाषण केलं, आणि गाव तेच अभिमानाने आठवतं. मला १४ मार्च जास्त महत्त्वाचा वाटतो. हजारो मोकळ्या मनांच्या गावात एक बंद दार वर्षानुवर्षं बंद राहू शकतं, हे त्या दिवशी रस्त्यावर आलं.

गावाच्या विचाराला सिद्धान्ताचं रूप दिलं ते आर्थर मॉर्गन यांनी. हा माणूस मुळात पूरनियंत्रणाचा इंजिनिअर. १९१३ च्या महापुराने डेटन बुडाल्यानंतर मायामी नदीच्या खोऱ्यात कोरडी धरणं बांधून त्याने नाव कमावलं. १९२० मध्ये तो अँटिऑकचा अध्यक्ष झाला आणि दिवाळ्याच्या कडेला आलेल्या कॉलेजात त्याने अभ्यास आणि नोकरी आलटून पालटून करण्याची पद्धत रुजवली. विद्यार्थी काही महिने वर्गात, काही महिने देशात कुठेतरी पगारी कामावर. त्यातून गावात लहान उद्योग उगवले. पुस्तकांवर लावायच्या नावपट्ट्या छापणारा छापखाना १९२६ मध्ये विद्यार्थ्यांनीच सुरू केला. १९४८ मध्ये अँटिऑकच्या पदवीधरांनी मोजमापाची शास्त्रीय उपकरणं बनवणारी कंपनी काढली आणि ती गावाचा मोठा रोजगार झाली. १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी मॉर्गनना टेनेसी खोरे प्राधिकरणाचं पहिलं अध्यक्षपद दिलं. १९३८ मध्ये तिथून काढूनही टाकलं. परतल्यावर त्यांनी १९४० मध्ये लहान समुदायांसाठी संस्था काढली आणि १९४२ मध्ये ‘द स्मॉल कम्युनिटी’ हा ग्रंथ लिहिला. माणसाचं चारित्र्य मोठ्या शहरात घडत नाही, एकमेकांना ओळखणाऱ्या छोट्या वस्तीत घडतं, हा त्यांचा गाभ्याचा विचार.

मॉर्गन यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या सिद्धान्तातली उणीव सांगितली पाहिजे. टेनेसीत त्यांच्या देखरेखीखाली सरकारी पैशातून नॉरिस नावाचं आदर्श नगर वसवलं गेलं. हिरवे पट्टे, वळणदार रस्ते, सहकारी दुकान, कामगारांना परवडणारी घरं. त्या नगरात कृष्णवर्णीयांना राहण्याची मुभा नव्हती. लहान समुदायावर एवढं प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून असं झालं, कारण लहान वस्ती माणसाला माणसाजवळ आणते या श्रद्धेत कुणाला आत घ्यायचं हा प्रश्नच सुटून गेला. ओळखीच्या माणसांतली आपुलकी अनोळखी माणसासाठी कुंपण ठरते. ते कुंपण मोडायला बाहेरचा लेखी नियम लागतो.

मॉर्गन यांच्या विचाराचा एक धागा आपल्याकडेही आला. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते. झाकीर हुसेन, मेघनाद साहा, लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्याबरोबर ते बसले, आणि १९४९ च्या अहवालातला ग्रामीण विद्यापीठांचा भाग त्यांच्या विचारांनी भारलेला आहे. शिक्षण आणि गावाचा उद्योग एकत्र बांधावा, शिकलेला मुलगा गावात राहावा, ही त्यामागची आच. गांधीजींच्या नई तालीमशी ती सहज जुळली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर केंद्र सरकारने ग्रामीण संस्थांची योजना आखली आणि तीत महाराष्ट्रातल्या दोन संस्था आल्या: जे. पी. नाईक यांनी उभं केलेलं गारगोटीचं मौनी विद्यापीठ आणि अमरावतीचं शिवाजी लोकविद्यापीठ. गारगोटीच्या कामाची मुळं स्थानिक आणि स्वतंत्र होती, त्याचं श्रेय मॉर्गनना देणं चूक ठरेल. पण योजनेचं पुढे काय झालं ते इथल्या मुद्द्याशी थेट जोडलेलं आहे. या संस्थांच्या पदविकांना विद्यापीठाच्या पदवीइतकी किंमत नोकरीच्या बाजारात मिळाली नाही, आणि हळूहळू बहुतेकांना नेहमीच्या विद्यापीठीय चौकटीत शिरावं लागलं. विचार थोर होता, माणसं झटली. हाती पदवीचा अधिकार नव्हता.

आता सर्वांत मोठा आक्षेप. हे सगळं कॉलेजने केलं, गावाने नव्हे. बाहेरून येणारे प्राध्यापक-विद्यार्थी काढून घेतले तर यलो स्प्रिंग्ज शेजारच्या कुठल्याही गावासारखंच, असं म्हणता येईल. त्यात तथ्य आहे. शिवाय शेजारी राइट-पॅटरसन हा हवाई दलाचा मोठा तळ आहे आणि गावातल्या कित्येकांची चूल त्याच्या पगारावर पेटते. पण २००८ मध्ये अँटिऑक बंद झालं. माजी विद्यार्थ्यांनी ते विकत घेऊन २०११ मध्ये पुन्हा उघडलं, तेही फार छोट्या आकारात. ज्याच्यामुळे गाव ‘तसं’ आहे असं मानलं जातं, ती संस्था तीन वर्षं कुलूपबंद होती आणि आजही पूर्वीची सावली आहे. लोकसंख्या २००० मध्ये ३,७६१ होती, २०१० मध्ये ३,४८७ झाली, २०२० मध्ये पुन्हा वर गेली. गाव खचलं नाही. कॉलेज लयाला जात असताना गावाची वीज, गावाचं पाणी, गावाचं साप्ताहिक, विधवांचं पीठ आणि गावाभोवतीचं रान आपापल्या बंधनांवर उभं होतं.

रानाची हकिगत सांगण्याजोगी आहे. १९२९ मध्ये अँटिऑकचे माजी विद्यार्थी आणि धनाढ्य वकील ह्यू टेलर बर्च यांनी आपल्या मृत मुलीच्या, हेलनच्या, स्मरणार्थ गावालगतची दरी आणि जंगल कॉलेजला दिलं. पिवळा झरा त्यातच आहे. पुढे या ग्लेन हेलनमधून महामार्ग नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९६० मध्ये ते वाचवण्यासाठी नागरिकांची संघटना उभी राहिली. कॉलेज पैशाने गांजलं तेव्हा हे रान विकून कर्ज फेडण्याचा मोह कुणालाही झाला असता. पण जमिनीवर संवर्धनाचे करार चढवून घेतलेले होते, आणि २०२० मध्ये तीच नागरिक संघटना मालक झाली. १९९९ मध्ये गावाच्या उत्तरेची व्हाइटहॉल फार्म ही सुमारे ९४० एकर शेती लिलावात निघाली. गावकऱ्यांनी काही आठवड्यांत दहा लाखांवर डॉलर उभे केले. ते जमीन विकत घेण्यासाठी नव्हते. ती कायम शेतीच राहील, असा बोजा तिच्यावर चढवण्यासाठी होते. जमीन खासगी मालकीचीच राहिली, पण पुढच्या मालकालाही तिथे नाक्यावरचे मॉल उभारता येणार नाहीत. मला हा उपाय फार समजूतदार वाटतो: मालकी हलवायची नाही, मालकीतला नेमका एक अधिकार विकत घेऊन कायमचा मिटवून टाकायचा.

याच यशाच्या पोटात गावाचं आजचं दुखणं आहे, आणि तो आक्षेप मी टाळू इच्छित नाही. भोवती हिरवा पट्टा गोठवला की आतल्या जागेची किंमत चढते. सुंदर, सुरक्षित, उदार गावात राहायला निवृत्त डॉक्टर आणि प्राध्यापक येतात, सुतार आणि परिचारिका बाहेर जातात. १९७० च्या सुमारास लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचं प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास होतं. आज ते साधारण निम्म्यावर आलं आहे. त्यांना कुणी हाकललं नाही. घरं महागली, लहान कारखाने गेले, मुलं दुसरीकडे गेली. गावाचा हिरवा पट्टा करारात बांधलेला होता, गावाचा मिश्र चेहरा मात्र कुठल्याच करारात नव्हता. माझ्या मते यलो स्प्रिंग्जच्या सबंध इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे.

२०२२ मध्ये हे उघड्यावर आलं. एका बांधकाम कंपनीने गावाच्या दक्षिणेकडच्या सुमारे ५३ एकरांवर स्वतंत्र घरं, जोडघरं आणि ओळघरं यांची मिश्र योजना मांडली होती. पावणेदोन एकर परवडणाऱ्या घरांसाठी गावाला मोफत मिळणार होते. विरोध झाला. या परिसरात राहणारे नामांकित विनोदवीर डेव्ह शपेल यांनी गाव परिषदेच्या सभेत येऊन योजना मंजूर झाल्यास आपले गावातले नियोजित व्यवसाय मागे घेण्याचा इशारा दिला. मतं दोन विरुद्ध दोन अशी पडली, प्रस्ताव फेटाळला गेला. विरोधकांची बाजूही ऐकली पाहिजे: वाहतूक, सांडपाणी, एकसाची बांधणी, आणि परवडणाऱ्या घरांचा वाटा अगदी किरकोळ. यातलं बरंचसं खरं होतं. पण योजना पडल्यामुळे जमीन मोकळी राहिली नाही. कंपनीकडे आधीच्या नियमांप्रमाणे १४३ स्वतंत्र, महागडी घरं बांधण्याचा हक्क होताच, आणि पावणेदोन एकर हातचे गेले. किरकोळ हिस्सा नाकारून गावाने शून्य पदरात घेतलं. यातले बहुतेक विरोधक परवडणाऱ्या घरांच्या तत्त्वाला विरोध करत नव्हते, हे मला मुद्द्याला बळकटी देणारं वाटतं.

काम कसं करता येतं ते याच गावात दिसतं. १९९८ मध्ये सुरू झालेली ‘होम इंक’ ही संस्था जमीन स्वतःकडे ठेवते आणि वरचं घर विकते. घेणारा जमिनीचं नाममात्र भाडं देतो. पुढे घर विकायचं झालं तर त्याला आपल्या गुंतवणुकीचा आणि थोड्या वाढीचा परतावा मिळतो, पण बाजारभाव घेता येत नाही. त्यामुळे तेच घर पुढच्या बेताच्या कमाईच्या कुटुंबालाही परवडतं. एकदा दिलेलं अनुदान पहिल्या विक्रीत विरून जात नाही. व्हाइटहॉल फार्मच्या बाबतीत जो मार्ग शेतीसाठी वापरला तोच इथे घरासाठी वापरला आहे. फरक आवाक्याचा. शेतीसाठी गाव काही आठवड्यांत दहा लाखांवर डॉलर जमवू शकलं, घरांची संख्या मात्र आजवर थोडकीच राहिली आहे. जमीन आणि पैसा इतक्याच तातडीने या संस्थेकडे वळवायचा का, हा यलो स्प्रिंग्जच्या परिषदेपुढचा आणि मतदारांपुढचा पुढचा ठराव आहे. तो जोवर लिहिला जात नाही, तोवर शंभर वर्षांपूर्वी गुलामांच्या वंशजांनी बांधलेल्या घरांच्या दारावर नव्या, श्रीमंत मालकांच्या पाट्या लागत राहतील.